गालाची साक्ष

पूर्वी शुभावती नगरीवर राजा दृढवर्मा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी ओताऱ्यांच्या कुळात जन्म घेतला होता. भद्रक हे त्यांचे नाव. घंटा ओतावी तर भद्रकांनीच, असे दूरदूरचे लोक म्हणत.

घंटेची रीत अशी. आधी मेणाची घंटा करायची, तिच्यावर मातीचे लेप चढवायचे, मग शेक देऊन मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत काशाचा रस ओतायचा. साच्यात पाण्याचा अंश राहिला तर रस पडताच साचा फुटतो. म्हणून ओतण्याआधी मुख्य ओतारी साच्याच्या वाफेच्या भोकाशी गाल नेई. गाल कोरडा राहिला तरच तो 'ओता' म्हणे. हात राबून राठ झालेले असतात, पण गालाला ओल कळतेच.

राजाने नगरद्वारासाठी माणसाच्या दुप्पट उंचीची घंटा सांगितली. ज्योतिषांनी मुहूर्त काढला, मांडलिक राजे जमले. भद्रकांनी भोकाशी गाल नेला, तो ओला झाला.

"महाराज, अजून चार दिवस शेक हवा," ते म्हणाले.

"मुहूर्त आज आहे," राजा म्हणाला. "पाहुण्यांपुढे माझं हसं करतोस?"

"आज ओतलं तर साच्याभोवतीच्या खड्ड्यातली माणसं मरतील."

"ओता म्हण. नाहीतर तुझा उजवा हात तोडवीन."

साच्याभोवती खड्ड्यात दहा ओतारी उभे होते. एक शब्द बोलले असते तर भद्रकांचा हात वाचला असता. त्यांना भीती वाटली नाही असे नाही. तरी त्यांनी हात पुढे केला. राजाने तो खरोखरच तोडवला, आणि पाहुणे बघत बसले.

"दुसरा कोणी आहे का?" राजाने विचारले.

भद्रकांचा शिष्य कालक पुढे आला. बारा वर्षे त्यांच्या हाताखाली राबलेला, मुख्य ओतारी होण्याची भारी हौस असलेला. त्याने गाल लावला. ओल लागली. त्याने उपरण्याने गाल पुसला आणि म्हणाला, "कोरडा आहे. ओता."

हाताला फडके गुंडाळलेले भद्रक कसेबसे उठले. "बाबांनो, वर या," ते म्हणाले. आठ जण वर आले. दोघांनी कालकावर भरवसा ठेवला. रस पडला आणि साचा फुटला. ते दोघे जागीच गेले. कालकाचे डोळे गेले.

राजाने त्याला हाकलून दिले. नगरात कोणी त्याला दारात उभे करीना. भद्रकांनी त्याला घरी आणले, तेव्हा त्यांची पत्नी उप्पला संतापली.

"अहो, दोन घरं बसली याच्यापायी. आणि याला तुम्ही जेवायला वाढता?"

"बसलीच," भद्रक म्हणाले. "पण याचा गाल अजून शाबूत आहे."

वर्षभराने एका विहाराची घंटा ओतायची होती. भद्रकांनी डाव्या हाताने कालकाला धरून साच्यापाशी नेले. त्याने भोकाशी गाल नेला आणि त्याला रडू कोसळले.

"आचार्य, काही कळत नाही. गाल माझ्याच आसवांनी भिजलाय."

"पूस," भद्रक म्हणाले. "आणि परत लाव."

त्याने त्याच उपरण्याने गाल पुसला, पुन्हा टेकवला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"ओल आहे," तो म्हणाला.

त्या दिवशी कोणी ओतले नाही. खड्ड्यातले सगळे ओतारी संध्याकाळी घरी जेवायला गेले.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे या विहाराच्या पायऱ्यांवर रोज पाणी शिंपणारा तो हातांनी अधू म्हातारा. कालक म्हणजे काल आपल्या सोबत्याविषयी खोटे बोललेला आणि आता मान खाली घालून बसलेला भिक्षू. भद्रक मीच होतो." मग त्या भिक्षूकडे पाहून ते म्हणाले, "हात तुटला तरी राग न धरणाऱ्या या क्षमेला क्षांती म्हणतात." भिक्षू उठला आणि खरे काय ते सांगू लागला.