डिक्शनरीतली ऊब

फार जुनी गोष्ट. एका जाड इंग्रजी डिक्शनरीत ‘ॲप्रिसिटी’ नावाचा लांबलचक शब्द राहायचा. अर्थ, थंडीतल्या उन्हाची ऊब. शब्दांच्या खेळात पोरं त्याच्यावरून भांडत, डिक्शनरीत तो सापडला की गुण घेत आणि पान मिटत. अर्थ वाचायचे कष्ट कोण घेणार!

शेजारचा ‘ॲप्रन’ चिडवायचा, “मला रोज कुणीतरी कमरेला बांधतं बाबा. तुला कोण विचारतं?”

“एकदा तरी कुणी मला मनापासून म्हणावं,” शब्द पुटपुटायचा.

पौषात, कसर लागू नये म्हणून डिक्शनरी अंगणात उघडून ठेवली. शेजारी पापड वाळत घालणाऱ्या अनसूयाकाकूंनी गारठलेले पाय उन्हात पसरले. “आहाहा! काय ऊब आहे गं बाई!”

“मीच तो!” शब्द थरारला. काकूंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तरी हाक बरोबर पोचली.

तेव्हापासून तो खेळाची वाट बघत नाही. पौषाची बघतो.