सात वेळा ओटीत गेलेला नारळ

फार जुनी गोष्ट, पण आमच्या नारळ विकण्याच्या धंद्यातलीच. देवीच्या देवळासमोर, दुकानाच्या फळीवर एक म्हातारा नारळ होता. शेजारच्या नव्या नारळाने विचारलं, "आजोबा, देवीपुढे फुटणं हाच ना आपला धर्म? मग मुक्ती!"

"हो रे. मी सात वेळा तिच्या पायाशी जाऊन आलो. पण ओटीतला नारळ कुणी फोडत नाही. पुजारी संध्याकाळी परत दुकानात धाडतो."

तेवढ्यात एका बाईने म्हाताऱ्याला कानाशी धरून हलवलं. "शेठ, यात पाणीच नाही हो! मला नवसाला फोडायचाय." तिने नव्याला उचललं.

तो जाता जाता म्हणाला, "आजोबा, तुमचीही पाळी येईल."

"वाट बघण्यातच आटलो, बाळा. आता फोडलं, तरी तिच्या पायांवर सांडायला आहे काय?"