मैनेची चवळी

पाखरंही शेती करायची त्या काळी शेवंती नावाची एक मैना होती. तिला सोडून तिचा जोडीदार दुसऱ्या थव्यात गेला. तो दूरच्या मळ्यांतून द्राक्षं आणायचा. आता तिला दुसरं काही गोड लागेना. ती उपाशीच बसून राहायची.

शेजारची साळिंदरमावशी म्हणाली, "अगं, तो गेला, तुझं पोट नाही गेलं. मी माती उकरते, तू चवळी पेर."

शेवंतीने रडत रडत दाणे पेरले, चोचीतून पाणी आणून घातलं. वेल चढला, शेंगा लोंबल्या. पहिली कोवळी शेंग तिने मावशीपुढे ठेवली.

"आधी तू खा," मावशी म्हणाली.

शेवंतीने घास घेतला. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडाला चव आली. डोळे पुसून ती म्हणाली, "मावशी, तुला काय आवडतं गं? पुढच्या वाफ्यात तेच लावते."