न कळण्याचे औषध

एकदा एका पेठेच्या गावी एका व्यापाऱ्याची वाचा गेली. तांब्या-पितळेच्या भांड्यांचा त्याचा मोठा व्यापार होता. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असे म्हणतात. हा गृहस्थ तर इतका बोलका, की पळी घ्यायला आलेला मनुष्य घंगाळ घेऊन आणि वर हसत घरी जाई. एके सकाळी दुकान उघडता उघडता तो मटकन खाली बसला. उजवे अंग लुळे पडले आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसता ‘आं’ असा आवाज निघू लागला. मेंदूकडे जाणारा रक्ताचा प्रवाह काही काळ खंडित झाला होता. उपचारांनी प्राण वाचले, पायांत थोडे बळही आले. वाचा मात्र परतली नाही.

त्याची सून मोठी मायाळू. सासू नव्हती, नवरा दुकानात गुंतलेला, त्यामुळे घराचा सारा भार तिच्यावर. सासऱ्यांची नजर तांब्याकडे वळली की पाणी येई, खिडकीकडे वळली की खिडकी उघडे. ‘आं’ पुरा होण्याआधी वस्तू हातात. गावात तिची वाखाणणी होत असे आणि ती काही खोटी नव्हती.

पण या सेवेत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. व्यापाऱ्याशी बोलणे थांबले होते. भेटायला येणारे सुनेला विचारीत, “यांना झोप लागते का?” आणि उत्तर तीच देई. जुने मित्र त्याच्या अंथरुणापाशी बसून एकमेकांशी गप्पा मारीत, आणि निघताना तान्ह्या मुलाला थोपटावे तसे त्याला थोपटून जात. पुढे तेही येईनासे झाले. भरल्या घरात तो मनुष्य एकटा पडला होता. मला विचाराल, तर त्यापेक्षा माळावरचे एकटेपण बरे. तिथे निदान आपल्यादेखत आपल्याविषयी कुणी बोलत नाही.

अखेर मुलाने एका वयोवृद्ध वैद्यांना पाचारण केले. ते आपल्या शिष्यासह आले, त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि मग अंथरुणाशेजारी निवांत बसून राहिले. थोड्या वेळाने व्यापाऱ्याने तांब्याकडे बोट केले. सून उठू लागली, तशी वैद्यांनी तिला हातानेच थांबवले.

“काय हवंय, शेट?”

“आं.”

“मला कळलं नाही.”

व्यापाऱ्याने पुन्हा बोट केले. तांब्या वैद्यांच्या गुडघ्याशीच होता, आंधळ्यालाही कळले असते. वैद्यांनी शांतपणे शेजारचा वारा घालायचा विंझणा उचलला आणि त्याच्या हाती दिला. व्यापाऱ्याने तो भिरकावून दिला. चेहरा लालबुंद झाला, ओठ थरथरले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि बऱ्याच वेळाने घशातून कसाबसा आवाज फुटला, “प... पा...”

वैद्यांनी तत्क्षणी पाण्याचे भांडे भरून त्याच्या हाती ठेवले.

सून संतापली. “वैद्यबुवा, आजारी माणसाची अशी थट्टा करतात होय? मघाशीच पाणी पाजलं होतं म्हणून बरं!”

“पाजलंस ते पाहिलं होतं, म्हणूनच मी धीर केला,” वैद्य म्हणाले. मग ते शिष्याकडे वळले. “धुंडी, उद्यापासून रोज दुपारी इथे येऊन बस. शेटना काय हवंय ते तुला कळेल. कळलं तरी कळू देऊ नकोस. शब्दाचा तुकडा आला, तरी लगेच वस्तू दे. पण त्यांचा शब्द तू पुरा करू नकोस. आणि सूनबाई, तेवढी दुपार तूही जरा विसरभोळी हो.”

शिष्याला आज्ञा पटली नाही, पण गुरूंपुढे बोलण्याची प्राज्ञा नव्हती. तो रोज येऊन बसू लागला. नुसते बसणे इतके जड असेल, असे त्याला कधी वाटले नव्हते. व्यापारी डोळे मिटून आत कुठे तरी शब्द धुंडाळत राही. कधी ओठांची हालचाल होई आणि काहीच न येता थांबे. त्या वेळी त्याच्या डोळ्यांत जे दिसे, ते पाहून शिष्याचे मन भरून येई. एके दिवशी त्याला राहवले नाही. व्यापारी “चा... चा...” करू लागला, तोच शिष्य म्हणाला, “चादर ना?” आणि त्याने चादर पुढे केली.

व्यापाऱ्याने तोंड मिटले आणि भिंतीकडे वळून तो दिवे लागेपर्यंत तसाच पडून राहिला.

शिष्य खजील होऊन गुरूंकडे आला. “गुरुजी, मी तर मदतच केली. ते रुसले का? आणि मेंदूचा तो भागच मेला असेल, तर शब्द येणार तरी कुठून?”

“जो भाग रक्तावाचून गेला, तो गेला,” वैद्य म्हणाले. “तो मीच काय, कुणीही परत आणणार नाही. पण त्याच्या शेजारचं सगळं मेलेलं नाही. घरातली रांधणारी बाई गेली की काय होतं? मागे उरलेल्यांपैकी कुणाला तरी चुलीपुढे बसावं लागतं. त्याला येत काही नसतं. घरभर धूर होतो, पीठ सांडतं, भाकरी करपते. पण करता करता हात बसतो. आता त्या घरी शेजारणीनं रोज प्रेमानं आयतं ताट पाठवलं, तर ती चूल कधी पेटेल का? आज शेटनी मोठ्या कष्टानं एक करपलेली भाकरी थापली होती. ती तू हातातून काढून घेतलीस आणि आपली पुढे केलीस. रुसतील नाही तर काय करतील?”

“सगळं बोलणं परत येईल त्यांचं?”

“नाही सांगता यायचं. पूर्वीचे शेट बहुधा नाही परतणार. जेवढं येईल तेवढं त्यांच्या कष्टाचं. तुला दुपार जड जाते, हे मला ठाऊक आहे. पण तू बाहेर बसून वाट बघतोस. ते आत एकटेच असतात. तिथे त्यांच्या सोबतीला कुणी जाऊ शकत नाही रे. आपल्याला एवढंच करता येतं, की ते बाहेर येतील तेव्हा आपण समोर असावं.”

शिष्य पुन्हा जाऊन बसू लागला. आता तो ओठ घट्ट मिटून बसे. दिवसांमागून दिवस गेले. शब्द येऊ लागले, पण वेडेवाकडे. विंझण्याला ‘तांब्या’ म्हटले जाई, नातवाला भलत्याच नावाने हाक जाई, आणि कधी कधी व्यापारी स्वतःच अर्ध्या तोंडाने हसे. बरेच शब्द आलेच नाहीत.

एका दुपारी सून ताट घेऊन आली. गरम आमटी वाढली आणि नव्या सवयीप्रमाणे तिने विचारले, “मामंजी, आणखी काय हवं?”

व्यापाऱ्याने मान हलवली. त्याला काहीच नको होते. पण तोंड उघडलेले होते, डोळे मिटलेले होते आणि कपाळावर घाम आला होता. सुनेचा हात सवयीने मिठाकडे गेला. तो तिने आवरला. शिष्याने श्वास रोखला. आमटी निवत चालली. कितीतरी वेळाने एकेक अक्षर ओढत शब्द बाहेर आला.

“जे... जेव... जेवलीस?”

सून जागच्या जागी उभी राहिली. सासू गेल्यापासून त्या घरात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिने मानेनेच ‘नाही’ म्हटले आणि पदर तोंडाला लावून ती हुंदके देऊन रडू लागली. व्यापाऱ्याने डाव्या हाताने आपले ताट तिच्या बाजूला सरकवले.

संध्याकाळी शिष्य गुरूंच्या पायाशी येऊन बसला. “गुरुजी, त्यांना काय हवंय, ते आम्ही सगळेच ओळखत होतो. त्यांना दुसऱ्याची विचारपूस करायची असेल, हे मात्र कुणाच्या मनातही आलं नाही.”

गुरूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आपल्या घरी असे शब्द शोधणारे कुणी असेल, तर त्यांचे वाक्य त्यांनाच पुरे करू द्यावे. तोवर आमटी निवते. निवू द्यावी.