हंड्याच्या पोटातली आळी

एकदा एका पितळी हंड्याने एका हुशार मुलीला चांगलेच दमवले.

मुलीचे नाव ऋजुता. ती टॅब्लेटवर चित्रे काढी, आणि हात असा तयार की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे. तिला बाहेरचे पहिलेच काम मिळाले ते तांबट आळीतल्या मुकुंदशेठ कासारांचे. शेठचे भांड्यांचे दुकान पाडव्याला कायमचे बंद होणार होते आणि ते आईला घेऊन परगावी, मुलाकडे राहायला निघाले होते. आईला सगळी आळी अक्का म्हणे. पन्नास वर्षे त्या त्याच दुकानाच्या दारात पाटावर बसत आल्या होत्या.

"दुकान काही उचलून नेता येत नाही," शेठ म्हणाले, "निदान रोज बघायला अक्काजवळ त्याचं चित्र तरी असू दे."

ऋजुताने दुकानाचे फोटो मागवले, घरीच बसून चार दिवस खपली आणि चित्र घेऊन गेली. शेठनी ते पुष्कळ वेळ न्याहाळले. "सुबक आहे, पोरी. पण ही माझी भांडी नव्हेत. प्लास्टिकची वाटतात." अक्कांनी एकवार पाहिले आणि "छान आहे हो," म्हणाल्या. परक्या घरच्या अळणी आमटीला आपण म्हणतो ना, तसे.

ऋजुता रडवेली होऊन भाऊकाकांकडे गेली. भाऊकाकांनी उभ्या आयुष्यात गावाच्या पाट्या रंगवल्या होत्या आणि लहानपणी तिला ब्रश धरायला त्यांनीच शिकवले होते. पाडव्याला आठच दिवस उरले होते.

"काका, पिवळ्याच्या बारा छटा वापरल्या. चमकसुद्धा दिली. आता आणखी काय करू?"

काकांनी चष्मा सारखा केला आणि चित्र मोठे करून पाहिले. प्रत्येक हंड्यावर, कळशीवर, अगदी काचेच्या कपाटावरही पांढरी, चार तावदानांची एक खिडकी चमकत होती.

"ही खिडकी कुठली गं?"

"ती तयार चमक आहे, काका. एक लेअर करून ठेवलाय. चकचकीत वस्तू आली की वरून डकवते."

"आणि शेठच्या दुकानाला खिडक्या किती?"

ऋजुता ओशाळली. "एकही नाही. नुसतं दार आहे."

काका रागावले नाहीत, उलट त्यांना हसू आले. "उद्या सकाळी दुकानात जा. हंड्याकडे पाठ करून बस आणि समोर जे दिसेल ते काढ. मी येईपर्यंत हंड्याकडे बघायचं नाही."

वयाने काकांची बुद्धी चळली की काय, असे तिच्या मनात आले. पण त्यांचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती हंड्याकडे पाठ करून बसली. आळीला आयतीच करमणूक मिळाली. समोरचा शिंपी मशीन थांबवून ओरडला, "ताई, भांडी मागं राहिली!"

"असू दे रे," अक्का दारातून म्हणाल्या, "हंड्याशी भांडण झालंय तिचं."

ऋजुता हसली आणि काढत राहिली. दाराची चौकट, बाहेरचे ऊन, शिंप्याचा निळा पडदा आणि पाटावर हिरव्या लुगड्यातल्या अक्का. दुपारी काका काठी टेकत आले आणि म्हणाले, "आता वळ."

ती वळली. हंड्यात दाराची चौकट वाकून बसली होती. शिंप्याचा पडदा बारीक निळी रेघ होऊन काठाला लागला होता, ऊन मधोमध सांडले होते आणि त्यात हिरव्यागार अक्का होत्या. पिवळा रंग शोधावा लागत होता. शेजारच्या काचेच्या कपाटात आतले तांबेही दिसत होते आणि त्यांच्यावरून बाहेरची आळीही तरंगत होती.

"पितळेचं स्वतःचं असं थोडंच असतं," काका म्हणाले. "बाकी सगळं समोर असेल त्याचं. काच तर त्याहून भिडस्त, ती आतल्यालाही नाही म्हणत नाही आणि बाहेरच्यालाही. तू चमक दिलीस, पण ती भलत्याच घरची. हा हंडा इतकी वर्षं काय बघत आलाय ते आधी तू बघायला हवं होतंस. चमक त्यातूनच येते."

ऋजुताने तो तयार लेअर पुसून टाकला. जिवावर आले, पण टाकला. मग सारे चित्र तिने त्या दुकानातच बसून पुन्हा काढले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी छापलेले चित्र अक्कांच्या हातात आले. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरले. मग एक बोट हंड्यावर टेकले आणि त्या म्हणाल्या, "मुकुंदा, अरे ही मी! मी बसलेय इथं."

शेठनी डोळे टिपले. अक्कांचे बोट हंड्यावरच फिरत होते. ते जरा पुढे सरकून थांबले.

"आणि ही पाठमोरी कोण?"

"मी, अक्का," ऋजुता म्हणाली. "त्या दिवशी हंड्यासमोर मीही होते ना."

अक्का समाधानाने हसल्या. "बरं झालं. म्हणजे तूही येतेस आमच्याबरोबर."