काही हरकत नाही

एकदा एका गावात वीज चालू असतानाच ती जाण्याची भीती येऊन बसली. दगडाच्या खाणींवर वाढलेले ते गाव. घरोघरी दिवे लागत होते, पिठाची गिरणी फिरत होती, पण माणसे पंख्याचे बटण दाबतानासुद्धा क्षणभर थांबत. कारण ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक सूचना लागली होती. राज्यातल्या विजेचे नियम ठरवणाऱ्या आयोगापुढे एक प्रस्ताव आला होता: लहान गावांच्या वस्तीला असलेली स्वतंत्र वीजवाहिनी बंद करावी आणि वस्ती शेतीपंपांच्या वाहिनीला जोडावी. पंपांना वीज पाळीने मिळते. म्हणजे उद्या घरांनाही ती पाळीनेच मिळणार, आणि पाळी नसेल तेव्हा अंधार. निर्णय अद्याप व्हायचा होता. सूचनेच्या शेवटी लिहिले होते की, ज्यांची हरकत असेल त्यांनी ती लेखी कळवावी, अथवा तालुक्याच्या गावी होणाऱ्या सुनावणीत येऊन मांडावी.

हरकत साऱ्या गावाची होती. कळवली मात्र कोणीच नाही.

त्या गावात एक तरुण राहत असे. देवळाच्या ओवरीत बसून चार जिज्ञासूंना शब्दांचे अर्थ उलगडून सांगणाऱ्या एका वृद्ध गुरुजींचा तो शिष्य. त्याचे वडील केरबा यांनी उभा जन्म खाणीत दगड फोडले होते. ती धूळ छातीत साठत गेली, आणि आता ते खाटेला खिळले होते. नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचे मशीन. मशीन विजेवर चाले. घरात एक लहान सिलिंडर अडीनडीला ठेवलेला असे, पण तो घटकाभरापुरताच. मधूनच वीज गेली की मशीन टीं टीं करून ओरडे, आणि वीज परत येईपर्यंत त्या तरुणाचा स्वतःचा श्वासही अडकलेला असे. ज्या घरी असे मशीन आहे, त्या घरात ही भीती काय असते हे वेगळे सांगायला नको.

तो प्रथम गावातल्या व्यापाऱ्याकडे गेला. किराणा मालाचे मोठे दुकान, गावात शब्दाला वजन. "शेटजी, सुनावणीला तुम्ही या," तो म्हणाला. "तुम्ही उठून बोललात तर बाकीचेही बोलतील."

शेटजींनी आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. "अरे, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? सुनावणी म्हणजे काय, ते सुनावणार आणि आपण ऐकायचं! आज हरकत घेतली की उद्या मीटर तपासायला गाडी दारात. तुझ्या घरी तर मशीन आहे. आधी तुझंच कनेक्शन डोळ्यांवर येईल. गप बस. गावाचं होईल ते आपलं होईल."

या सल्ल्याने तरुणाची उरलीसुरली झोपही उडाली. दुसऱ्या दिवशी ओवरीत तो गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, इकडे आड तिकडे विहीर झाली आहे. बोललो तर भीती, नाही बोललो तर भीती. मी काय करावं?"

गुरुजींनी हातातली पोथी मिटली. मग म्हणाले, "उद्या सकाळी तुझ्या घरी चहाला येतो. हरकत नाही ना?"

"हरकत कसली, गुरुजी! या ना."

सकाळी गुरुजी आले. त्यांच्यासारखा माणूस आपल्या खाटेजवळ येऊन बसला याचे केरबांना कोण अप्रूप! त्यांनी उठून बसण्याची धडपड केली, ती गुरुजींनी थांबवली. दिवस उन्हाळ्याचे होते. गुरुजी म्हणाले, "केरबा, मला वारा सोसत नाही. पंखा बंद करू का?"

"काय हरकत न्हाई, गुरुजी."

पंखा थांबला. केरबांच्या कपाळावर घाम आला. थोड्या वेळाने गुरुजी म्हणाले, "उजेड डोळ्यांना टोचतो. खिडकी लावून घेतो, चालेल?"

"काय हरकत न्हाई. तुमी आलासा, हेच लई झालं."

आपण अशीच माणसे आहोत. चहा नको असला तरी 'चालेल' म्हणतो. पायावर पाय पडला तर ज्याचा पडला त्याच्या आधी आपणच 'असू दे, असू दे' म्हणून मोकळे होतो. आपल्याकडे याला चांगले वळण म्हणतात, आणि एरवी ते खोटेही नाही.

तरुण चहाचे कप घेऊन आत आला, तेव्हा गुरुजी खाटेच्या उशाशी वाकले होते. त्यांचे बोट मशीनच्या बटणावर होते. ते नेहमीच्या मृदू स्वरात म्हणत होते, "केरबा, या घरघरीमुळे मला तुमचं बोलणं नीट ऐकू येत नाही. हे जरा वेळ बंद करतो. हरकत नाही ना?"

केरबांनी मशीनकडे पाहिले. मग गुरुजींकडे पाहिले. त्यांचे डोळे भीतीने मोठे झाले होते, गळ्याची शीर उडत होती. पण समोर दारी आलेला थोर माणूस होता, आणि त्याने काही मागितले होते. केरबांचे ओठ हलले.

"काय... हरकत... न्हाई."

एवढे बोलायला लागलेला श्वाससुद्धा त्या मशीननेच पुरवला होता.

"हरकत आहे!" तरुण ओरडला. कप खाली पडून फुटले. त्याने झेप घेऊन गुरुजींचे मनगट धरले. "हरकत आहे! हात काढा. आधी हात काढा तिथून!"

गुरुजींनी बोट उचलले. बटण त्यांनी दाबलेले नव्हते. मशीन घरघरत होते. त्यांनी खिडकी उघडली, पंखा लावला, आणि केरबांपुढे हात जोडले. "क्षमा करा. तुम्हाला फार घाबरवलं. माझाही हात कापत होता."

शिष्य मात्र तिथेच उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि रागही होता. "हे काय केलंत, गुरुजी?"

गुरुजी खाली बसून कपाचे तुकडे गोळा करू लागले. वेचता वेचता ते बोलले.

"'हरकत नाही' हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे, की कोणी विचारण्याआधीच तो बाहेर पडतो. हरकत घेणं म्हणजे भांडण, हरकत घेणं म्हणजे उद्धटपणा, असं आपण मानत आलो. घरात पाहुण्यांसमोर ते शोभतं. पण सरकार जेव्हा फळ्यावर लिहून विचारतं की हरकत आहे काय, तेव्हा तो शिष्टाचार नसतो. तो खरा प्रश्न असतो, आणि तिथं गप्प बसणंही उत्तरच धरलं जातं. तुझ्या वडिलांनी आत्ता नम्रतेपायी स्वतःचा श्वास देऊ केला. सगळं गाव गेले कित्येक दिवस तेच करत आहे."

"पण मला भीती वाटते, गुरुजी."

"आत्ता ओरडलास तेव्हा वाटत नव्हती?"

शिष्यही खाली बसून तुकडे वेचू लागला.

"वाटत होती," गुरुजी म्हणाले. "भीतीनंच ओरडलास. गुरूचा हात धरलास, तोही भीतीनंच. कालपर्यंत तू, आपलं नाव पुढे येईल म्हणून, स्वतःसाठी भीत होतास, आत्ता वडिलांसाठी भ्यालास. भीती जाईल, अशी वाट पाहू नकोस. ती जाणार नाही. कोणासाठी भ्यायचं एवढंच आपल्या हाती असतं."

सुनावणीच्या दिवशी तरुण तालुक्याला गेला. टेबलामागे तीन अधिकारी बसले होते. दुष्ट वगैरे कोणी नव्हते, उकाड्याने त्रासलेली साधी माणसे होती. मधल्या अधिकाऱ्याने त्या गावाचे नाव वाचले आणि सौजन्याने विचारले, "या गावाकडून काही आलेलं नाही. तेव्हा गावाची हरकत नाही, असं धरायचं का?"

सभागृहात कोणी हलले नाही. तरुणाची भीती गेली नव्हती. तो उठला.

"हरकत आहे, साहेब."

"कोणती?"

"माझे वडील विजेवर श्वास घेतात. पाळी संपली की त्यांचा श्वास संपेल."

अधिकाऱ्याने लिहून घेतले. मग मान वर करून विचारले, "गावात आणखी कोणाला अशी अडचण?" तरुणाला ते माहीत नव्हते, कारण गावात कोणी कोणाला विचारलेच नव्हते. तेवढ्यात मागच्या खुर्च्यांमधून खाकरल्याचा आवाज आला. शेटजी होते. तालुक्याला माल भरायला आलो होतो, असे ते नंतर चार जणांना सांगत होते. ते उभे राहिले, पण खुर्चीची पाठ त्यांनी सोडली नाही. "साहेब, दुकानाच्या फ्रीजमध्ये थंड बाटल्यांच्या मागं बायकोची इन्सुलिनची इंजेक्शनं असतात," ते म्हणाले. "ती गरम झाली की वाया जातात. माझी पण... हरकत आहे म्हणा."

तेही लिहून घेतले गेले. "निर्णय पुढच्या महिन्यात होईल," अधिकारी म्हणाला. "काय होईल ते मी आज सांगू शकत नाही."

म्हणून दोघेही भीती घेऊनच परतले. एसटीत ते शेजारीशेजारी बसले होते.

दिवेलागणीला तरुण घरी पोहोचला. केरबांनी डोळ्यांनीच विचारले.

"अजून काही ठरलं नाही, आबा. पण आपलं म्हणणं लिहून घेतलं."

मुलगा रोजच्यासारखा खाटेजवळ आला, त्यांच्या मानेखाली हात घातला आणि म्हणाला, "उशी जरा वर घेऊ का?"

केरबांनी तोंड उघडले. मग मिटले. थोडा श्वास गोळा करून ते म्हणाले, "नगं. वर घेतली की हनुवटी छातीला टेकती, दम कोंडतो."

मुलाचा हात तिथेच थांबला. गेले कित्येक महिने तो रोज संध्याकाळी ती उशी वर घेत होता, आणि रोज विचारूनच घेत होता.