शेवटची लाईन

"तर मग आप्पा, पहिला नंबर तुमचाच लावू ना?"

मल्लिनाथ जिन्याखालच्या भिंतीवर नवी पेटी बसवत होता. शिवाप्पा खालच्या पायरीवर शेंगा सोलत बसले होते.

"कसला नंबर?"

"लाईट गेली की जनरेटर चालू होतो. आतापर्यंत सगळं घर एकदम त्याच्यावर पडायचं. पंप, गिझर, फ्रीज... म्हणून तो बंद पडायचा. आता ही पेटी एकेक लाईन ओळीनं चालू करेल. भार वाढला की शेवटच्या नंबराची लाईन बंद करेल. भार उतरला की परत चालू."

"आणि नंबर कोण लावणार?"

"आपण."

आप्पा हसले. "मी ओसरीवर झोपतो. मला नंबर कशाला?"

शिवाप्पांचं स्वतःचं असं त्या घरात कुणी नव्हतं, आणि घर कधी रिकामं नसायचं. गडहिंग्लजला दवाखान्यात आलेले पेशंट, त्यांची माणसं, घरातून रुसून निघालेले... येईल तो राहायचा. मल्लिनाथ असाच पोरवयात आला होता. मागच्या खोलीत राहून शिकला. आता पुण्यात मोठमोठ्या इमारतींना जनरेटर बसवायचा. लोक त्याला आप्पांचा शिष्य म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं.

या घराचा जनरेटरही त्यानंच आणून दिला होता. आज हाताखाली चार माणसं असताना पेटी बसवायला तो स्वतः आला होता.

सकाळी पोचला तेव्हा आप्पा म्हणाले, "आलास? जेवून घे." आणि कुणा पेशंटला एसटीत बसवून द्यायला निघून गेले.

तेवढंच.

"सांगा, पहिला कोण?" मल्लिनाथनं पुन्हा विचारलं.

"तातोबा."

तातोबांची छाती कमजोर होती. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालायचं. यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

"दुसरा?"

"स्वयंपाकघर. गंगाक्कांना अंधारात चूल दिसत न्हाई."

"मग बायकांची खोली, मग ओसरी," मल्लिनाथ म्हणाला. "पंप त्याच्यानंतर. बरोबर?"

"बरोबर."

"आणि शेवटी?"

आप्पांनी एक शेंग फोडली. दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली.

"मागची खोली."

मल्लिनाथचा हात थांबला. "माझी?"

"तुझीच."

...

"गिझर त्या लाईनवर आहे, म्हणून म्हणताय ना? त्याला वेगळा काढतो. अर्ध्या तासाचं काम आहे. दिव्याचा भार काहीच नसतो, आप्पा. तो चालू राहील."

"वेगळा नको काढू."

"पण..."

"आहे तसं राहू दे. शेवटी."

आप्पांनी सोललेले दाणे त्याच्या हातावर ठेवले आणि उठून तातोबांकडे गेले.

मल्लिनाथनं दाणे खाल्ले नाहीत, खिशात टाकले. मग आप्पांनी सांगितलेल्या क्रमानं एकेक वायर आवळली.

दुपारी त्यानं मेन स्विच पाडून पाहिला. जनरेटर घुरघुरला. तातोबांचं मशीन, स्वयंपाकघर, बायकांची खोली, ओसरी, पंप... थोडं थांबून मागच्या खोलीतला दिवाही लागला. सगळ्यांनी मान डोलावली. गंगाक्का म्हणाल्या, "नशीब काढलंस बघ."

आप्पा पाहायला आलेच नाहीत. ते एका नव्या पाहुण्याच्या पोराला मांडीवर घेऊन बसले होते.

संध्याकाळी वारा सुटला. कुठंतरी झाड पडलं असणार, लाईट गेली. जनरेटर चालू झाला. मल्लिनाथ मागच्या खोलीत बॅग भरत होता. सकाळी निघायचं त्यानं ठरवलं होतं, आता वाटलं, आजच निघावं.

आणि खोलीतला दिवा गेला.

त्यानं दारातून पाहिलं. ओसरी उजळली होती. स्वयंपाकघरात मिक्सर फिरत होता. टाकीत पाणी चढत होतं. नव्या पाहुण्याचं पोर आप्पांच्या पाठीवर बसून खिदळत होतं. सगळं घर उजेडात, आणि काळोख फक्त त्याच्या खोलीत.

पेटी बरोबर काम करत होती.

टेस्टर त्याच्या हाताशीच होता. जिन्याखाली जायचं, दोन वायरी बदलायच्या... कुणाला कळलंही नसतं.

तो खाटेवर बसून राहिला.

याच खाटेवर तो तापानं फणफणला होता तेव्हा आप्पा उशाशी बसून राहिले होते. पुढं माणसं वाढली. तो मोठा झाला, हुशार झाला. आता तो यायचा तेव्हा आप्पा कुणाकडे ना कुणाकडे असायचे. त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. शिष्यानं असलं काही मागायचं नसतं, असं तोच इतरांना सांगायचा.

बाहेर पोराचं खिदळणं थांबलं. पावलं वाजली. चपला घासत चालायची ती सवय त्याला अंधारातही ओळखू आली.

"मल्लू?"

"हं."

"हायस काय आत?"

"आहे."

आप्पा दारात उभे राहिले. त्यांच्या मागं ओसरीचा उजेड होता, त्यामुळं चेहरा दिसत नव्हता.

"बॅग भरलीस?"

मल्लिनाथनं बॅगेची चेन ओढली.

...

"मी चुकलो का कुठं, आप्पा?" शेवटी त्यानं विचारलं. "सगळ्यांना नंबर दिलात. मलाच शेवटी टाकलंत."

आप्पा चौकट धरून आत आले. हातानं चाचपत खाट शोधली.

"इथं काही दिसत नाही," मल्लिनाथ म्हणाला. "ठेचकाळाल. पंप बंद होईपर्यंत दिवा यायचा नाही. बाहेर सगळे बसलेत, उजेड आहे. तुम्ही तिकडंच बसा."

आप्पांचा हात त्याच्या खांद्याला लागला. तिथंच राहिला.

"उजेडात मी सगळ्यांचा असतो," ते म्हणाले. "जरा सरक."